प्रबंधातून काढायचं पान

माझा हात हापशाच्या दांड्यावरून निघाला आणि हापशाशेजारच्या घरातल्या बाईने राखेची मूठ घेऊन दांडा घासायला सुरुवात केली. वरून गोमूत्र शिंपडलं. माझ्यासमोर. माझे सर तिच्याच ओसरीवर खुर्चीत बसून चहा पीत होते.

दुष्काळाचं साल. राहात्याकडचं एक गाव. परदेशी मदतीतून आलेल्या यंत्राने तिथे खडक फोडून बोअर घेतली होती. मी एम.ए.ला, विषय आंतरराष्ट्रीय राजकारण. एका देशाचं तंत्रज्ञान दुसऱ्या देशात जातं तेव्हा नेमकं कोणाला मिळतं, यावर प्रबंध लिहीत होते. म्हणून सरांबरोबर गेले होते. घशाला कोरड पडली होती. पाणी हापसलं.

"कोनाची गं तू?" बाईने विचारलं होतं.

"भिंगारची."

"गाव न्हाई इचारलं. कोनाची?"

मी सांगितलं. आमच्याच जातीच्या चार बायका घागरी घेऊन लांब उन्हात बसल्या होत्या. कोणी वरून ओतेल तेव्हा त्यांना पाणी. मला त्यांच्याकडे बघवेना.

परतताना एस.टी.त सर वर्तमानपत्र वाचत बसले. मी मात्र सगळं लिहिलं. यंत्र सातासमुद्रापलीकडून आलं, त्याला कोणी जात विचारली नाही. पाण्याला गेलेल्या बाईला विचारली.

सरांनी ते पान दोन बोटांनी उचललं. "हे काढा. हा आंतरराष्ट्रीय प्रश्न नाही, तुमचा घरगुती प्रश्न आहे. काढल्याशिवाय सही नाही."

घरगुती! अंगाची लाही लाही झाली. पण घरी येऊन रडलेच. सही नाही तर पदवी नाही, पदवी नाही तर नोकरी नाही. बाबा लष्कराच्या छावणीत झाडू मारून थकले होते. म्हणाले, "पोरी, काढ. येक पान तर हाय. आमी लई गिळलंय."

काढलं. खरंच काढलं. पानांचे आकडे खोडून नीट केले. मग पहिल्यापासून वाचलं. करार, मदत, शिष्टमंडळं. सगळं गुळगुळीत. त्या चौघी कुठेच नव्हत्या. मीही नव्हते. बाईने दांडा घासला तेव्हा मी गप्प राहिले होते. आता स्वतःच्या हाताने स्वतःला पुसलं होतं. मला माझीच किळस आली.

पान परत घातलं. मधे नाही, अगदी सुरुवातीला. सरांच्या टेबलावर गठ्ठा ठेवला.

"सही करा, नाहीतर करू नका. पान निघणार नाही."

त्यांनी केली नाही. वर्ष बुडालं. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. पुढच्या वर्षी दुसरं दार ठोठावीन, मग तिसरं. कदाचित एकही उघडणार नाही. पण प्रबंध जाईल तो या पानासकटच जाईल.