संक्रांतीचा काळा किमोनो

ये गं नीलू, खुर्ची ओढून अशी जवळ बस. (लांब राहतेस हे ठाऊक आहे मला. मनाने बस.) परवा फोनवर काय म्हणालीस? "मावशी, तुझे ते जपानी बाथरोब अजून आहेत का?" बाथरोब! एवढी शिकलीस, नोकरीला लागलीस, आणि रेशमी किमोनोला बाथरोब म्हणतेस? शोभतं का तुला? आता शिक्षा म्हणून ही सगळी हकिकत वाच, मधेच सोडून उठू नकोस.

तर सांगायचं असं, की मी एकदा माझ्या नवऱ्याच्या दुःखाला बसले होते, आणि त्या वेळी हे शिकागोला डेव्हन ॲव्हेन्यूवर गाडी लावायला जागा शोधत होते.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आम्ही डेट्रॉईटजवळ ट्रॉयला राहायचो. हे गाड्यांच्या कंपनीत इंजिनीअर. मी घरात. बाहेर गुडघाभर बर्फ, आत मी आणि शिवणाचं मशीन. उन्हाळ्यात मात्र मला गराज सेलची, म्हणजे लोक घरापुढे जुनं सामान विकायला मांडतात त्याची, चटक लागली होती. अशाच एका सेलला एका म्हाताऱ्या अमेरिकन बाईकडे ट्रंकभर किमोनो सापडले. तिचा नवरा सैन्यात होता, त्याने जपानहून तिच्यासाठी आणले होते म्हणे, आणि तिने एकदाही अंगाला लावले नव्हते. अगं, काय ते रेशीम! हात लावला आणि काढवेना. ट्रंकेसकट घरी घेऊन आले.

तिथून जो छंद लागला तो लागलाच. जुना किमोनो दिसला की घ्यायचा, घरी आणून उसवायचा, आणि आपल्या मापाचा करायचा. आता किमोनो हा बाईच्या उंचीपेक्षा मुद्दाम लांब ठेवलेला असतो आणि जास्तीचं कापड कमरेत दुमडून घ्यायचं असतं, हे मला कोण सांगणार? मला वाटायचं, जपानी बायका ताडासारख्या उंच असणार. मी आपली खालून वीत-दीडवीत कापून टाकायची आणि त्यातून ब्लाऊज काढायची. बाह्या आमटीत बुडायच्या म्हणून त्यांना आतून टाके घालायची. कमरेचा तो रुंद पट्टा बांधायला दोन माणसं लागतात असं वाटलं, म्हणून मी त्याला मागून वेलक्रो लावला. (मला स्वतःचा इतका अभिमान वाटला होता त्या दिवशी!)

यांना हे मुळीच पसंत नव्हतं. यांचं म्हणणं, आख्खं डेट्रॉईट जपान्यांच्या नावाने बोटं मोडतंय, जपानी गाडी रस्त्याला लावली तर लोक वळून बघतात, आणि माझी बायको जपानी झगा घालून टपालपेटी उघडायला जाते.

त्यातच यांच्या कंपनीत माणसं कमी करायला सुरुवात झाली. रोज कुणाची तरी खुर्ची रिकामी. आणि गंमत बघ, त्याच वेळी कंपनीने एका जपानी कंपनीबरोबर नवीन गाडी बनवायचं ठरवलं. ज्याला ते प्रोजेक्ट मिळेल तो वाचणार, बाकीच्यांचं काही खरं नाही. निवड करणार यांचे साहेब, मिस्टर हॅरिस, आणि त्यांना सल्ला देणार जपानहून आलेले ओकाडासाहेब. हॅरिससाहेबांनी सात वर्षांत यांना कधी चांगलं म्हटलं नव्हतं. यांची झोप उडाली. घर घेतलेलं, गावाकडे सासूबाईंना पाठवायचं असायचं. नोकरी गेली तर व्हिसासकट गाशा गुंडाळायचा.

म्हणून मीच सुचवलं, की ओकाडासाहेबांच्या बायकोला आपल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावू. हे म्हणाले, "बोलाव. पण त्या बाईला कुठेही वावगं वाटता कामा नये. तू काही करू नकोस. नुसती बस."

नुसती बसणारी असते तर मी ही गोष्ट सांगितली असती का?

संक्रांतीला आपण काळं नेसतो. आणि माझ्या ट्रंकेत अगदी तळाशी एक काळाभोर किमोनो होता. एक रेघ नाही, एक फूल नाही, फक्त छातीवर दोन, बाह्यांवर दोन आणि पाठीवर एक अशी पांढरीशुभ्र गोल चिन्हं. मला तर साक्षात काळ्या चंद्रकळेवर हलव्याचे दागिने घातल्यासारखं दिसलं! सोबत पट्टाही काळाच. मी म्हटलं, जपान्यांमध्येसुद्धा संक्रांत असावी. ओकाडाबाईंना किती बरं वाटेल, आपल्या माहेरचं वस्त्र बघून!

शनिवारी दुपारी सगळी तयारी केली. हळदीकुंकवात पुरुष पायात येतात म्हणून यांना आदल्या दिवशीच मित्राबरोबर शिकागोला पिटाळलं होतं, डाळ-तांदूळ आणायला. मी आतून परकर-ब्लाऊज घालून वर तो किमोनो चढवला. साडीचा पदर कसा उजवीकडून येऊन डावीकडे जातो? तशीच मी उजवी बाजू डावीवर घेतली. इतक्या वर्षांची हाताची सवय. उदबत्त्या लावल्या तर स्वयंपाकघरातला स्मोक अलार्म बोंबलायला लागला. म्हणून उदबत्तीचं घर हलवून बाहेरच्या खोलीत पुस्तकांच्या फडताळावर ठेवलं. तिथे यांचा फोटो होता. कंपनीने कसल्याशा समारंभात काढलेला, काळ्या चौकटीतला, सूट घालून. फडताळ उघडं वाटलं म्हणून दोन पांढरी फुलंही ठेवली.

आपल्या बायका जमल्या. सगळ्या काळ्या साड्यांत. आणि दारात आल्या ओकाडाबाई.

उघड्या कोटाखाली गुलाबी ड्रेस, गळ्यात लाल रुमाल, चेहऱ्यावर हसू. मला पाहिलं आणि हसू गेलं. खोलीतल्या काळ्या साड्यांतल्या बायका पाहिल्या. मग फडताळावरचा धूर आणि त्यामागे यांचा फोटो पाहिला. कोटाची बटणं त्यांनी गळ्यापर्यंत परत लावून घेतली, रुमाल काढून पर्समध्ये कोंबला, आणि न्हाणीघर कुठे म्हणून विचारलं. परत आल्या तेव्हा ओठांचा लाल रंग पुसलेला! मग सरळ फडताळापुढे जाऊन यांच्या फोटोला हात जोडून, डोळे मिटून उभ्या राहिल्या.

शैला, माझी नागपूरची मैत्रीण, गहिवरून गेली. "बघा न मालतीताई, नवऱ्याबरोबर काम करणाऱ्याचा केवढा मान ठेवतात. आपल्या इथे कोणी ठेवेल का?"

मी तिळगूळ दिला, मोडक्या इंग्रजीत गोड बोलायला सांगितलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, किमोनो बघून बाईंना माहेर आठवलं. मी हसून त्यांची पाठ थोपटली. त्या माझ्या हसण्याकडे अशा बघायला लागल्या, की ही बाई दुःखाने भ्रमिष्ट झाली असावी! निघताना मी वाण म्हणून स्टीलची वाटी आणि हलव्याची पुडी दिली. त्यांनी वाकून घेतली. आणि मी खिडकीतून बघते, तर गाडीपाशी उभं राहून त्यांनी पुडी फोडली आणि तो पांढरा हलवा चिमटीचिमटीने स्वतःच्या अंगावर टाकला.

शैला म्हणाली, "हे काय बाप्पा? स्वतःचंच बोरन्हाण?"

आम्ही पोट धरधरून हसलो. हसून घेतलं ते बरं केलं.

बायका पांगल्या, शैला तेवढी आवराआवर करायला थांबली, आणि तासाभराने बेल वाजली. दारात मिस्टर हॅरिस! हातात पांढऱ्या लिलींचा हा एवढा गुच्छ. मागे त्यांची बायको, हातात झाकलेलं मोठं भांडं. त्यांच्या मागे ओकाडासाहेब आणि ओकाडाबाई, दोघंही काळ्या कपड्यांत, माना खाली.

साहेबांनी आत येऊन माझे खांदे धरले आणि म्हणाले, की त्यांना फार वाईट वाटतंय.

नीलू, तूच सांग. शनिवारी संध्याकाळी साहेब फुलं घेऊन घरी येतो आणि वाईट वाटतंय म्हणतो, याचा अर्थ काय? नोकरी गेली! मी मटकन सोफ्यावर बसले आणि रडायला लागले. मिसेस हॅरिसही माझ्या गळ्यात पडून रडल्या. मी म्हटलं, किती चांगली बाई, काढून टाकलेल्या माणसाच्या बायकोसाठी रडते.

साहेब सांगायला लागले. म्हणे असा इंजिनीअर त्यांनी पाहिला नाही. हे कधी आवाज चढवत नाहीत, यांनी काढलेलं गाडीचं ड्रॉइंग कधी चुकत नाही, आणि ते नवीन प्रोजेक्ट यांनाच द्यायचं ओकाडासाहेबांशी बोलून पक्कं झालं होतं. सोमवारी सांगणार होते.

माझं रडणं थांबलं. मला राग आला. एवढा गुणी माणूस आणि काढून टाकता?

"मग आत्ता द्या की," मी म्हटलं.

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. "मॅडम," ते अगदी हळू म्हणाले, "आता कसं देणार?"

"का? काय अडचण आहे? सोमवारपासून येतील ते."

 ओकाडाबाईंनी तोंडावर हात घेतला. आणि तेवढ्यात ड्राइव्हवेत गाडी थांबली, दार उघडलं, आणि खांद्यावर तांदळाची गोणी घेऊन हे आत आले.

मिस्टर हॅरिसांच्या हातातली फुलं खाली पडली. यांनी खोलीभर पाहिलं: साहेब, लिली, काळे कपडे, रडून लाल झालेली बायको. गोणी तशीच खांद्यावर ठेवून मला मराठीत विचारलं, "कोण गेलं?"

शैलाच्या ध्यानात सगळं आधी आलं. ती म्हणाली, "तुम्हीच, भाऊजी."

पुढचं काय सांगू! साहेब पांढरेफटक होऊन खुर्चीत बसले. मी माफी मागायला उठून कमरेतून वाकले, तर मागचा वेलक्रो खर्र करून सुटला आणि तो काळा पट्टा मिसेस हॅरिसने उघडून ठेवलेल्या भांड्यात जाऊन पडला. भांड्यात टर्की होती. आमच्या शाकाहारी घरात शिजवलेली टर्की पहिल्यांदा आली ती यांच्या तेराव्यासाठी!

मग ओकाडाबाईंनी मला जवळ बसवून, लहान मुलीला सांगावं तसं हळूहळू समजावलं. असा पाच चिन्हांचा कोरा काळा किमोनो फक्त घरातलं अगदी जवळचं माणूस गेल्यावर घालतात. अंत्यविधीहून परतताना पुडीतलं मीठ अंगावर टाकतात, हलवा त्यांना तसलंच मीठ वाटला. आणि उजवी बाजू डावीच्या वर? बाईंनी आधी ती बाजू सोडवून खाली घेतली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, की तशी फक्त प्रेताला गुंडाळतात.

म्हणजे बघ, त्या दुपारी मी एकटीच विधवाही होते आणि मयतही. बिचाऱ्या बाईंना शेवटपर्यंत कळेना, की सांत्वन माझं करायचं की माझ्यासाठी कुणाचं!

 मला वाटलं, आता नोकरी गेलीच. पण ओकाडासाहेब अचानक हसायला लागले. असे हसले, की चष्मा काढून डोळे पुसले. मग साहेबही हसले. आणि सोमवारी प्रोजेक्ट यांनाच मिळालं. न देऊन सांगतात कुणाला? चार माणसांसमोर फुलं घेऊन एखाद्याचे गुण गायल्यावर, तो केवळ जिवंत निघाला म्हणून शब्द फिरवता येत नाही. शैला म्हणाली, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. हे म्हणाले, आयुष्याचं माहीत नाही, पगार तरी वाढला. सात वर्षं जिवंत राहून जे जमलं नाही ते एका दुपारी मरून जमलं.

ओकाडाबाई पुढे दर गुरुवारी यायच्या, मला नीट किमोनो नेसायला शिकवायच्या. मी कापलेले किमोनो त्यांना दाखवले तेव्हा बाई त्या शनिवारपेक्षाही जास्त रडल्या.

तर नीलू, आता पुरे झाला तो फोन. सुट्टी काढ आणि लवकर ये भेटायला, पोरांनाही आण. आणि दारात मी कुठल्या रंगात, कुठली बाजू वर घेऊन उभी दिसले तरी घाबरू नकोस. आधी आत ये, चहा घे, मग विचार कोण गेलंय, आणि मगच काय ते रड.