पायांकडे बघणाऱ्या मॅडम

आईचा खांदा आखडला आणि हात कानाच्या वर जाईना, तेव्हापासून तिची वेणी मीच घालायचे. मग गंगापूर रोडला फिजिओथेरपीवाल्या एका मॅडमकडे जायला लागलो. या मॅडम म्हणजे ना, काय सांगू! एका हाताने आईचा खांदा दाबून धरतात, दुसऱ्याने तिचा हात हळूहळू वर नेतात, पण बघतात कुठे? तिच्या पायांकडे!

"दुखतंय का मावशी?"

"नाही हो."

"खोटं. पायाची बोटं आवळलीत तुम्ही."

असं म्हणून लगेच थांबतात. बोटं सैल पडली की परत सुरू.

एकदा मला म्हणाल्या, "उद्यापासून यांची वेणी तू घालायची नाही."

आई भडकलीच. "मग मी मोकळ्या केसांनी रिक्षात बसू?"

"बसा."

आई रोज डोक्यावरून पदर घेऊन, धुसफुसत यायची. मला तर मॅडमचा इतका राग यायचा!

परवा आईने स्वतः वेणी घातली. पार वाकडी, अर्ध्या बटा बाहेर. मॅडम त्या वेणीकडे बघत राहिल्या. मी बटा सारख्या करायला गेले, तर त्यांनी माझं मनगटच पकडलं.

"राहू दे. मावशींनी घातलीय ती."

इतकं घट्ट त्यांनी आईला कधीच धरलं नव्हतं.