ज्योतीराम पेंटरचा लिंब

हे लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप करून डिलीट केलं, परवा इंटर्नल परीक्षा आहे आणि झाडांच्या चित्रप्रदर्शनाबद्दल कोण वाचणारे. पण आज बस कुरुळी फाट्यावर थांबली, खिडकीतून तो लिंब दिसला, आणि आता एका दमात लिहितेय.

ज्योतीरामकाका ट्रकवर नावं, फुलं, मोर काढतात. मूळचे कळंबकडचे. चाकणला कंपन्या वाढत होत्या तेव्हा आले आणि फाट्यावर त्या कडुलिंबाखाली पत्र्याचं शेड टाकलं. आता ड्रायव्हर लोक रेडियमचे स्टिकर लावतात, चहा पिईपर्यंत काम होतं. काकांकडे आठवडा आठवडा कुणी फिरकत नाही. त्यांची बायको शालनबाई म्हणते गावी जाऊ. काका म्हणाले, दिवाळीपर्यंत बघू, कामं आली तर राहू.

तेवढ्यात आमच्या कॉलेजच्या ग्रुपने चिंचवडच्या एका गॅलरीत झाडांवर प्रदर्शन ठेवलं. बाहेरच्यांनाही चित्र देता येणार होतं. मी लगेच जाऊन काकांना विचारलं, कुणाला न विचारता. त्यांनी ट्रकच्या मागच्या जुन्या फाळक्याच्या, म्हणजे मागे उघडणाऱ्या झडपेच्या, फळीवर तोच लिंब काढला. खोडाला न्हाव्याचा आरसा ठोकलेला, बुंध्याला टायर टेकवलेले, आणि एकेक पान ब्रशच्या एकाच ओढीत. मला रडू आलं, पण मला कशानेही येतं.

खाली पिवळ्या अक्षरांत, लाल सावली देऊन, ज्योतीराम पेंटर, कुरुळी फाटा. आणि मोबाइल नंबर. ट्रकवर काम संपलं की पेंटर कोपऱ्यात हे लिहितोच, तसं त्यांनी लिहिलं. फक्त जरा मोठं.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी आमच्या सीनियर तनुजाने ते पाहिलं. ती वाईट नाहीये, पण गॅलरीचा नियम होता, चित्रावर नंबर चालत नाही, जाहिरात वाटते. तिने काकांना नीट समजावलं, कुणी विचारलं तर आम्ही नंबर देऊ म्हणाली. आमच्या ग्रुपमधल्या जयदीपला मात्र राहवलं नाही.

"काका, हॉर्न ओके प्लीज राहिलं की."

"मागच्या बाजूला हाय ना राव," काका म्हणाले. "जुनी फळी हाय."

खरंच होतं. जयदीपने वाकून बघितलं.

मग काकांनी पिशवीतून डबी काढली, ब्रश काढला, नंबरसमोर बसले. बराच वेळ बसले. मी म्हटलं, काका, नंबरवर रंगाचा नुसता एक हात मारा, चित्र तर राहील.

"ताई, गाडी गेली की काम गेलं. परत दिसतच न्हाई," ते म्हणाले. "मग कधीतरी फोन येतो. नागपूरवरनं, एकदा तर पार केरळातनं, भाषा बी कळंना. कुणीतरी कुठंतरी उभं राहून काम बघितलं, एवढं कळतं. नंबर पुसला तर मला कसं कळणार, कुणी बघितलं का न्हाई?"

नियम मात्र बदलला नाही.

त्यांनी फळी स्वतःच उतरवली, भिंतीला पाठ करून ठेवली. मग अख्खं प्रदर्शन फिरून बघितलं, प्रत्येक चित्रासमोर थांबून. ग्रुपमधल्या स्वरूपाच्या वडाला चांगलं म्हणाले, पारंब्यांत हात बसलाय म्हणाले. समोसा खाल्ला आणि कुरुळीला जाणाऱ्या एका टेम्पोत फळी टाकून गेले.

आता ती फळी शेडबाहेर, रस्त्याकडे तोंड करून, सुतळीने बांधलीय. अजून तरी फोन आलेला नाही. मी विचारलं तर म्हणाले, गाड्या जोरात जातात, कोण वाचणार. शालनबाईने भांडी बांधायला घेतलीत.

दिवाळीला थोडेच दिवस आहेत. चाकणकडे जात असाल तर फाट्यावर उतरा, काकांना भेटा. रंगवायला काही नसलं तरी चालेल, उभं राहून बघितलं म्हणून सांगा. पण लवकर जा.