आर्डेल थिबोच्या बेचाळीस सह्या

आमच्या वेस्ट हार्लो गावात आर्डेल थिबोला कुणी प्रेमळ बाई म्हटल्याचं मला आठवत नाही. एकतीस वर्षं ती गावची टाउन क्लार्क होती. जन्म, मृत्यू, लग्नं, जमिनीचे कागद, कुत्र्यांचे परवाने, निवडणुका, सगळं तिच्या टेबलावरून जायचं, आणि अक्षर इकडचं तिकडे झालं तर ती माणसाला भर बर्फात घरी परत पाठवायची. तिच्या हाताखाली मी सहा वर्षं काढली आणि ती निवृत्त झाल्यावर तिच्याच खुर्चीत बसले. तेव्हा माझं बोलणं ऐकीव नाही.

आमच्याकडे माणूस एका नावानं जन्मतो आणि दुसऱ्याच नावानं आयुष्य काढतो. बड, स्किप, टिंकर, पीवी. मतदार यादीत मात्र पाळण्यातलं नाव असतं. मार्चच्या गावसभेपुढे एखादा विषय आणायचा तर शेकडा पाच मतदारांच्या सह्या लागतात, आणि सही यादीतल्या नावाबरहुकूमच हवी, ही गावाची जुनी रीत. एकदा पुलाच्या दुरुस्तीच्या अर्जावर आर्डेलच्या नवऱ्यानंच 'बक' अशी सही ठोकली. यादीत तो अँब्रोज. बाईनं पट्टी ठेवून लाल पेन्सिलीनं ती सही खोडली, अर्ज एका सहीनं पडला आणि पूल वर्षभर तसाच राहिला. बक तीन दिवस तिच्याशी बोलला नाही. जेवला मात्र तिन्ही दिवस.

त्यांची नात शेल्बी गार्डमध्ये ट्रक चालवायची. गार्ड म्हणजे राज्याची राखीव पलटण. पूर आला, बर्फाच्या वादळानं विजेच्या तारा तुटल्या, की हीच पोरं मदतीला येतात. शेल्बीही त्याच हिशेबानं सहा वर्षांसाठी भरती झाली होती. दोन हजार चार साली तिला इराकला पाठवलं. नोव्हेंबरात तिची मुदत संपत होती, म्हणून आर्डेलनं तिची खोली रंगवून घेतली. खोली वाळली आणि वरून हुकूम आला: मुदत संपली तरी सुटका नाही, पुढचं कळवेपर्यंत तिथंच राहायचं.

आर्डेलनं खासदाराला पत्र लिहिलं. ज्या शस्त्रांसाठी युद्ध सुरू केलं ती सापडली का? नसतील सापडली तर जाब कोण देणार? आणि मुदत संपलेल्या माणसाला आणखी किती दिवस ठेवून घेणार? तीन सरळ प्रश्न. उत्तरात तिच्या देशप्रेमाबद्दल आभार मानले होते. पत्र छापील, सहीसुद्धा छापील. तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच पत्र आलं, स्वल्पविरामासकट. बियाणं विकणारी कंपनीसुद्धा निदान पत्र वाचून उत्तर देते, असं ती दुकानात सगळ्यांदेखत म्हणाली. तिच्या तोंडाला सरळसरळ पानं पुसली होती, आणि मला तर तिच्याहून जास्त संताप आला होता. आमच्यातल्या कुणी कुत्र्याचा परवाना महिनाभर उशिरा काढला तर दंड भरतो. हे एक अख्खं युद्ध चुकीच्या कारणावर उभं करतात आणि कुणाला साधी नोटीस जात नाही.

जानेवारीत रेडिओनं सांगितलं की शस्त्रांचा शोध थांबवला, काही सापडलं नाही. लगेच पुढे हवामानाचा अंदाज लागला. आर्डेलनं त्याच दुपारी अर्ज लिहायला घेतला: गावसभेनं गावाच्या नावानं हे तीन प्रश्न संसदेला विचारावेत आणि उत्तर लेखी मागावं.

शेल्बीला ते फोनवर कळलं. "आजी, मला इथं ह्या लोकांबरोबर राहायचंय," ती म्हणाली. "माझ्या जिवावर तिकडे तमाशा करू नकोस." आर्डेलनं सांगितलं की अर्जात शेल्बीचं नाव कुठंच नाही, गाव आपलं, खासदार आपला, प्रश्न आपले. शेल्बीनं फोन ठेवून दिला. हे मला सांगताना आर्डेल कोटाची बटणं लावत होती आणि तिला एक बटण काही केल्या लागत नव्हतं.

दुसरा घाव घातला हॉलिस ग्रँजरनं. हा रस्त्यांवरचा बर्फ काढतो. व्हिएतनामला जाऊन आलेला, दारात झेंडा. दुकानात तो मोठ्यानं म्हणाला की पोरगी तिकडे जीव मुठीत धरून ट्रक हाकतेय आणि आजी इकडे तिचे पाय ओढतेय. आर्डेलला कुणी बोललं आणि तिनं परतफेड केली नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ती पाव घेऊन निघून गेली.

अर्जाची मुदत जानेवारीच्या तिसऱ्या गुरुवारी संध्याकाळी पाचला संपत होती. त्याच दिवशी वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी होता, कचेरीतल्या रेडिओवर सकाळपासून बँड वाजत होता. दहा वाजता आर्डेल आली आणि तिनं कागद माझ्यापुढे ठेवला. गावात मतदार आठशे चाळीस, म्हणजे सह्या हव्यात बेचाळीस. तिनं सत्तेचाळीस आणल्या होत्या.

मी यादी काढून ताडायला लागले. स्किप. टिंकर. बड. एकंदर आठ सह्या टोपणनावाच्या. उरल्या एकोणचाळीस.

गावभर ह्याच कारणासाठी बदनाम झालेल्या बाईनं हे करावं? पण मला कळलं कसं झालं ते. चर्चमधल्या जेवणावळीत तिनं कागद फिरवला होता. लोक नाही म्हणतील, तोंड फिरवतील अशी तयारी ठेवून गेली होती, आणि लोक आपणहून पेन मागायला लागले. त्या आनंदात तिनं कागदाकडे बघितलंच नाही.

मी म्हटलं, जाऊ दे. स्किप कोण हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, वॉशिंग्टनहून कुणी मोजायला येत नाही.

"रोवेना," ती म्हणाली, "मुदत संपली की माणूस सोडायचा असं लिहून घेतलं आणि पाळलं नाही, म्हणून मी भांडतेय. आणि तू मला सुरुवातच डोळेझाक करून करायला सांगतेस?"

माझी लाल पेन्सिल घेऊन, पट्टी ठेवून, आठही सह्या तिनं स्वतः खोडल्या. मग गाडीची किल्ली घेतली. बाहेर शून्याखाली वीस होतं आणि बाई चौऱ्याहत्तर वर्षांची.

त्या आठांतले पाच जण डोंगरावर लाकूडतोडीला गेले होते, एक इस्पितळात होता, एक मुलीकडे फ्लोरिडाला. घरी सापडला तो एकटा स्किप. त्यानं भांडी घासता घासता ओल्या हातानं 'लिअँडर' अशी सही केली आणि स्पेलिंग बायकोला विचारून घेतलं. तिथून ती लाकूडतोड्यांकडे निघाली, आणि डोंगराच्या चढावर गाडी घसरून बर्फाच्या ढिगाऱ्यात रुतली. पुढचं मी दोघांच्याही तोंडून ऐकलंय, आणि नवल म्हणजे दोघं एकच सांगतात.

तासाभरानं हॉलिसचा बर्फ काढायचा ट्रक आला. त्यानं साखळी लावून गाडी बाहेर ओढली आणि ह्या थंडीत बाई कुठं निघाली म्हणून विचारलं. तिनं सांगितल्यावर तो हसतच सुटला.

"म्हणजे आर्डेलबाई, स्वतःच खणलेल्या खड्ड्यात पडलात की."

"पडले. तू सही करतोस?"

"मी विरोधात मत देणार आहे."

"दे ना. पण सभेत उभा राहून दे. विषयच आला नाही तर विरोध कशाला करशील, झेंड्याच्या खांबाला?"

हॉलिस साखळी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "एकाहत्तर साली परत आलो तेव्हा मलाही एक विचारायचं होतं."

"मग विचारलं नाहीस?"

"कुणाला विचारणार? कुणी समोर उभंच राहिलं नाही."

पेनातली शाई गोठली होती. त्यानं ते ट्रकच्या हीटरवर धरलं आणि सही केली. हॉलिस इरॅस्टस ग्रँजर. हे मधलं नाव त्यानं चाळीस वर्षं गावापासून लपवलं होतं. रस्ता पुढे बंद आहे, डोंगरावर जाता येणार नाही, असं सांगून त्यानं तिला माघारी वळवलं आणि गावापर्यंत पुढे ट्रक ठेवला.

ती कचेरीत पोचली तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. मी मोजलं. एकेचाळीस. तिनं माझ्या हातातून कागद घेऊन पुन्हा मोजलं. एकेचाळीसच. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ती खुर्चीत बसली, बूट काढले नाहीत, आणि प्रत्येक नाव ओठांतल्या ओठांत वाचत गेली.

मला मात्र दिसलं होतं काय राहिलंय ते. तोंड उघडावं तर क्लार्कनं कुणाच्याही अर्जाला हातभार लावायचा नाही, हे मला शिकवलं होतं कुणी? तिनंच. घड्याळ पुढे सरकत होतं. खोटं कशाला सांगू, मी मनात तिला शिव्या घातल्या, स्वतःलाही घातल्या. शेवटी मला एवढंच सुचलं:

"आर्डेल, तुम्ही आता टाउन क्लार्क नाही आहात."

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. एकतीस वर्षांत तिनं एकाही अर्जावर सही केली नव्हती. खुर्चीवरच्या माणसानं बाजू घ्यायची नाही. खुर्ची सोडून चार वर्षं झाली तरी हाताची सवय गेली नव्हती, आणि दारोदार फिरून सह्या मागणाऱ्या ह्या बाईनं स्वतःची सही केलीच नव्हती. तिनं पेन घेतलं. आर्डेल फिलोमीन थिबो. मी शिक्का मारला तेव्हा पाचला सात मिनिटं कमी होती.

मार्चच्या सभेत हॉलिस शब्दाप्रमाणे उभा राहिला आणि दहा मिनिटं विरोधात बोलला. पोरं रणांगणावर असताना गावानं खोड्या काढू नयेत, असं म्हणाला. मग थांबला आणि म्हणाला की तरीही प्रश्न खोटे नाहीत, आणि खाली बसला. ठराव अठ्ठ्याऐंशी विरुद्ध एकाहत्तर असा पास झाला. आर्डेलनं टाळ्या वाजवू दिल्या नाहीत. टपालाची वेळ टळायच्या आत पत्र टाइप कर, म्हणून ती माझ्या मानगुटीवर बसली.

उत्तर आलं तेच, छापील. पुढच्या जानेवारीत आर्डेलनं पुन्हा अर्ज काढला, त्याच्या पुढच्या जानेवारीतही. आता लोक सही करताना स्वतःच विचारायचे की यादीत आपलं नाव काय आहे.

शेल्बी पहिल्या अर्जाच्या वर्षीच डिसेंबरात परत आली होती. डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही. आजीशी ती सगळं बोलायची, त्या अर्जाबद्दल मात्र अवाक्षर नाही, आणि आर्डेलनंही कधी तिच्यापुढे कागद धरला नाही. तिला ते फार लागत होतं, मला ठाऊक आहे. पण पोरीला धक्का लावायचा नाही आणि प्रश्नही सोडायचा नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

मग चौथ्या वर्षी आर्डेल पायऱ्यांवर पडली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. मला वाटलं, ह्या वर्षी अर्ज येत नाही. मुदतीच्या आदल्या दिवशी सकाळी शेल्बी कचेरीत आली आणि तिनं कागद टेबलावर ठेवला. साठ सह्या होत्या. पहिली तिची, पूर्ण नावानिशी. "नीट ताडून घे," ती म्हणाली, "आजी विचारणार आहे."

मी यादी काढली आणि आधी वरचा मजकूर वाचला. प्रश्न आता चार झाले होते. चौथा शेल्बीच्या हातचा होता. तिच्या ट्रकच्या मागच्या ट्रकमध्ये जे दोघं होते, त्यांच्या आयांच्या दारात हे छापील उत्तर घेऊन कोण जाणार, असं तिनं विचारलं होतं.