ओंतिरेत्सेच्या तुकडीतला सेनापती

ओंतिरेत्सेनं जन्मभर गावच्या बोअरचा पंप चालवला. अंगाला डिझेलचा वास असा मुरलेला, की बायको म्हणायची, "थूसोचे बाबा, तुम्ही यायच्या आधी तुमचा वास घरात येतो." पण एक मान त्याचा होता. आमच्याकडे एकाच हिवाळ्यात वयात येण्याची दीक्षा घेतलेल्या पोरांची तुकडी मरेपर्यंत एक असते, आणि त्याच्या तुकडीचा म्होरक्या तो होता. गावप्रमुखानं बोलावलं की तुकडीनं राबायचं. जो येणार नाही त्याला भर सभेत चार छड्या, त्याही म्होरक्याच्याच हातच्या.

त्याच तुकडीत केलापिले होता. दोघांनी मिळून गुरं राखलेली, एका वाडग्यातली आंबील ओरपलेली. पुढे केलापिले घोडेस्वार पोलीस झाला, आणि देशानं स्वतःचं सैन्य उभारलं तेव्हा त्याचा पहिला सेनापती! हाताशी माणसं मूठभर, गाड्या उसन्या, पण पठ्ठ्या सरहद्दीवर जवानांसोबत काट्याकुट्यात झोपला. रेडिओवर त्याचं नाव आलं की ओंतिरेत्से पंप बंद करून ऐकायचा. छाती फुगायची बिचाऱ्याची.

एका साली गावचा बांध फुटला. तुकडीला बोलावणं गेलं. दोघंच आले नाहीत. थेबेची गाय अडली होती आणि सेनापती सरहद्दीवर होता. थेबेनं चार छड्या खाल्ल्या. महिन्याभरानं सेनापती गावात येणार असं कळलं, तेव्हा ओंतिरेत्सेनं कोपऱ्यातली छडी काढून पुसायला घेतली.

"भलतंसलतं काही करू नका हं," बायको म्हणाली. "त्याच्याबरोबर बंदुका असतात."

"आणि थेबेच्या पाठीवर वळ आहेत. त्याच्यासमोर कुठल्या तोंडानं बसू?"

सभा भरली. सेनापती प्रमुखाशेजारी खुर्चीवर, मागे दोन जवान. ओंतिरेत्से उठला. हातात छडी होती.

"केलापिले, तू बांधावर आला नाहीस."

जवान पुढे सरकले. सेनापतीनं हातानंच त्यांना थोपवलं. टोपी खुर्चीवर ठेवली, बिल्ल्यांचा डगला उतरवला, सदरा काढला, आणि तो मातीत पालथा पडला. बापरे! ज्याच्या शब्दावर सगळी फौज हलते तो माणूस, पंपवाल्याच्या पायाशी!

एक. दोन. तीन. चौथ्या वेळी ओंतिरेत्सेचा हातच चालेना. छडी नुसती टेकली.

"झाल्या चार," तो पुटपुटला.

"तीन झाल्या," खालून आवाज आला. "थेबेला असंच कुरवाळलं होतंस का रे?"

"नाही."

"मग मार की!"

ओंतिरेत्सेनं बाहीनं डोळे पुसले आणि मारली.

सेनापती उठायच्या आत थेबे गर्दीतून पुढे आला. अंगातलं फाटकं जाकीट काढून त्यानं ते सेनापतीच्या उघड्या पाठीवर घातलं.