आधी मपलं सांग

अनुवादक आणि दुभाष्यांचा आमचा एक गट आहे, फोनवरचा. तिथे लोक मन मोकळं करतात, म्हणजे मुख्यतः कुरकुरतात. मागच्या महिन्यात कुणीतरी विचारलं, "या कामात तुम्ही समाधानी आहात का? खरं सांगा." झालं! एकाने लिहिलं, मशीनने केलेलं मराठी दिवसभर पुसत बसतो, त्यापेक्षा फरशी पुसणं बरं, ती निदान चकाकते. एकीला तिने स्वतः अनुवाद केलेलं पुस्तक सासूबाईंनी वाढदिवसाला भेट दिलं होतं. आत तिचं नावच नव्हतं, तर त्यांना तरी कसं कळावं?

मी "नाही" एवढंच टाइप केलं आणि पाठवायचं राहू दिलं. कारण माझं खरं उत्तर दुसरीकडे द्यायचं होतं. तारनाक्याच्या एका ऑफिसने घरी बसून मशीनचं मराठी तपासायचं काम देऊ केलं होतं. सोमवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं. हो म्हटलं की हॉस्पिटलचा राजीनामा.

हॉस्पिटलात मी दुभाषी आहे. नांदेड-परभणीकडचे पेशंट काचीगुडा स्टेशनवर गाडीतून उतरतात आणि पिशव्यांसकट आमच्याकडे येतात. डॉक्टर तेलुगू, त्यांची हिंदी इंग्रजीत बुचकळून काढलेली. मधे मी. आमचं घर तीन पिढ्या काचीगुड्यातलं. घरात मराठी, शेजारी तेलुगू, बाजारात दखनी. त्यामुळे यात मी काही विशेष करते असं माझ्या आईलासुद्धा वाटत नाही.

या कामाचा एक नियम आहे. "यांचं पोट दुखतंय" असं डॉक्टरांना सांगायचं नाही. "माझं पोट दुखतंय" असंच सांगायचं. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं पलीकडे पोचवायचं आणि आपण तिथे नाहीच असं वागायचं. नऊ वर्षं मी हेच करते आहे. संध्याकाळी नवऱ्याने "कसं वाटतंय?" विचारलं की तोंडातून निघतं, "जिना चढताना दम लागतो." आम्ही तळमजल्यावर राहतो. तो हसतो, मीही हसते, पण मग मला खरंच कसं वाटतंय ते सांगायचं राहूनच जातं. याचाच मला कंटाळा आला होता.

त्या गुरुवारी परभणीकडच्या एक मावशी आल्या. पन्नाशीच्या, हिरवं लुगडं, हृदयाची झडप बदलायची होती. त्यांनी सांगितलं, छाती दुखते. मी डॉक्टरांना म्हटलं, "मेरे सीने में दर्द होता है।" मावशींना हिंदी बोलता येत नव्हती, पण 'मेरे' बरोबर कळलं. त्यांनी माझा दंड धरला.

"अगं, आधी मपलं सांग की! तुपलं मग सांग."

मी त्यांना समजावलं की माझं काही नाही, हे तुमचंच सांगते आहे. "बरं बरं," त्या म्हणाल्या, पण पुढच्या प्रत्येक वाक्याला माझ्याकडे अशा काळजीने बघत होत्या की मीच संकोचले. रात्री झोप येत नाही, पायाला सूज, जेवण जात नाही. मी एकेक माझ्या नावावर घेत गेले.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, ऑपरेशन शनिवारी, काही विचारायचं आहे का?

मावशी खाली बघत म्हणाल्या, "मला लई भेव वाटायलंय. लेकीला सांगितलं न्हाई म्या."

"मुझे बहुत डर लग रहा है," मी म्हटलं, आणि माझा आवाज कातरला. नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सोमवार तोंडावर आला होता आणि ते वाक्य माझंही होतं. मावशींनी माझा हात त्यांच्या दोन्ही हातांत घेतला.

"भिऊ नको लेकरा. मी हाय तुझ्यासंगं."

"अम्मा क्या बोले?" डॉक्टरांनी विचारलं.

नियम म्हणजे नियम. मी त्यांच्याकडे बघून सांगितलं, "डर मत बेटा, मैं तेरे साथ हूँ।"

शनिवारी चिरायचं डॉक्टरांना होतं. मग त्यांनी पेन ठेवलं आणि हात जोडले. "थँक यू, अम्मा." मावशींनी त्यांनाही मान डोलावली. ते वाक्य कुणासाठी होतं हे मी आजतागायत डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. सोमवारी दुपारी मी वॉर्डात गेले. नाकाला नळी, आवाज अगदी बारीक. मी विचारायच्या आधीच मावशींनी मला जवळ बोलावलं.

"तुपली छाती कशी हाय गं आता?"

पुन्हा समजावून सांगणार होते. मग म्हटलं, जाऊ दे.

"बरी आहे, मावशी."

त्या दिवसभरात मी माझं असं तेवढंच बोलले. बाहेर येऊन फोन उघडला. गटावर टाइप करून ठेवलेला तो "नाही" तिथून पुसला आणि तारनाक्याला पाठवला.