सुभद्राबाईंचं जास्वंदीचं कुंपण

सुभद्राबाई मला पहिल्यांदा भेटल्या त्या माझ्यावर ओरडतच. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते आणि अशाच एका मोठ्या क्लासात मी नुकताच जीवशास्त्र शिकवायला लागलो होतो. आवारातल्या जास्वंदीच्या कुंपणाला घासून चाललो होतो, तर मागून आवाज आला, "आवं सर, झाडाला खेटू नका! ह्या झाडाची कीड तुमच्या सदऱ्यावरून त्या झाडावर जाती."

फांद्यांवर अर्ध्या मसुरीएवढे तपकिरी फुगवटे होते. सोबत चार विद्यार्थी होते, म्हणून मी ऐटीत म्हणालो, "बाई, ही कीड नाही, साल आहे ही." बाईंनी नखानं एक फुगवटा उचकटला आणि तळहात माझ्या नाकापुढं धरला. पिठासारखी बारीक अंडी होती आणि त्यांतून डोळे ताणले तरच दिसतील अशी पिल्लं चालत होती.

"साल चालती का, सर?"

पोरं हसली. खवले कीड हा परीक्षेतला पर्याय मी वर्गात कितीदा तरी घोकून घेतला होता. पाहिली मात्र त्या दिवशी.

बाई क्लासच्या माळीण, किल्लारीकडच्या. भूकंपात घर गेलं, नवरा गेला. त्याआधी त्या एका रोपवाटिकेत होत्या, तिथंच हे सगळं शिकल्या. आमचे संचालक दर सत्काराला त्यांना व्यासपीठावर उभं करत आणि 'आम्ही एका भूकंपग्रस्त भगिनीला आधार दिला' म्हणून टाळ्या घेत. एकदा बाई तिथंच, माइकपाशीच बोलल्या, "मी झाडं राखती म्हणून हितं हाय. माझं घर पडलं म्हणून न्हाई." पुढच्या सत्काराला त्यांना कुणी बोलावलं नाही. त्यांचं ते बोलणं ऐकून मला मनापासून बरं वाटलं होतं. टाळ्या मात्र मी वाजवल्या नाहीत, नोकरी नवी होती.

त्या वर्षी कीड फारच माजली. पानं चिकट झाली, त्यावर काजळी धरली, मुंग्यांच्या रांगा लागल्या. बाईंनी जास्त लागलेल्या फांद्या छाटून जाळल्या. उरलेल्या फांद्या त्या जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात घासत बसत. मधेच कुणी खेटून गेलं की शिव्या. पण छाटलेलं कुंपण बोडकं दिसायला लागलं आणि पालकांचा मेळावा जवळ आला होता. संचालकांनी दुकानातून जहाल औषधाची बाटली आणली.

बाईंना वाचता येत नव्हतं, पण बाटलीवरचा लाल रंग म्हणजे जहर, हे कळत होतं. "सायब, किडीची आई वरून कवच धरून बसलीय. खालच्या अंड्याला ह्यानं कायबी होत न्हाई. पिल्लं भाईर पडली की मी कडूलिंबाचं तेल मारती. पंधरा दिस द्या. आन् ही समोर पोरींच्या होस्टेलची खिडकी हाय, दिसत न्हाई का तुमाला?"

"तुम्ही मला शिकवू नका," संचालक म्हणाले.

रविवारी बाई सुट्टीवर होत्या. संचालकांनी ड्रायव्हरच्या हातात पंप दिला आणि स्वतः शेजारी उभं राहून कुठं कुठं मारायचं ते दाखवलं. वर खिडक्या सताड उघड्या, पोरी अभ्यासाला बसलेल्या. मी वर्गातून पाहत होतो. तासाभरात पोरींना उलट्या सुरू झाल्या, तिघींना दवाखान्यात न्यावं लागलं. वाचल्या, हे नशीब.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत कागद फिरला. माळीणबाईंनी कुणाला न विचारता बेसुमार औषध फवारलं, असं त्यात होतं. खाली आम्ही सह्या करायच्या. त्या संचालकाची आठवण झाली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पण एकट्या त्याच्यावर चिडायचा मला हक्क नाही. मीही सही केली.

संध्याकाळी बाई पिशवी घेऊन आल्या, हातात त्याच कागदाची नक्कल. मी शिव्यांची वाट पाहत होतो, त्या चालल्या असत्या.

"सर, मला कामावरून काढलं. कामून काढलं ते ह्याच्यात लिवलंय म्हणं. वाचून दावा."

मी वाचलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "मी? मी तर हितं नव्हतेच! कुणी कुणी सह्या केल्या, त्येबी वाचा."

मी एकेक नाव वाचत गेलो. तिसरं माझं होतं. ते गाळून मी चौथं वाचलं.

बाईंनी कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. "समद्यांनी सह्या केल्या, तुमी येकट्यानं तेवढी केली न्हाई, सर," म्हणाल्या, आणि मला हात जोडून फाटकाबाहेर पडल्या.